किलोभर फळ म्हणजे किती वाट्या? नव्यानं शिकणाऱ्यांसाठी फळांच्या वजन-मापाचा हिशोब

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मला पहिल्यांदा मोठी ऑर्डर आली, एका लग्नघरी आंबावड्या करून द्यायच्या होत्या. आईचं माप मला तोंडपाठ, वाटीला वाटी, म्हणजे एक वाटी रसाला एक वाटी साखर. पण केसर आंब्याचा रस निघाला ५ किलो, आता एवढा रस वाटीनं कुठं मोजत बसायचं म्हणून काट्यावर तोलला आणि त्याला ५ किलो साखर घातली. वड्या कापायला घेतल्या तेव्हाच कळलं, सुरी लावली की कडा भुगा होऊन पडायच्या आणि तोंडात टाकली की आंब्याच्या आधी साखर लागायची. सगळ्या वड्या परत कराव्या लागल्या. रात्री वहीत हिशोब मांडला तेव्हा चूक सापडली. एक कप आमरस साधारण २५० ग्रॅम भरतो आणि तोच कप साखरेनं भरला तर २०० ग्रॅमच भरते. म्हणजे ५ किलो रसाचे झाले २० कप, त्याला २० कप साखर म्हणजे ४ किलो. मी किलोभर साखर जास्तीची घातली होती.

तेव्हापासून घरात जे फळ येईल ते मी एकदा तरी तोलून आणि मापून बघते आणि वहीत लिहून ठेवते. आता भाची नांदेडहून पुण्याला नोकरीला गेलीय, तिचा दर आठ-पंधरा दिवसाला फोन असतो, मावशी इथं ३०० ग्रॅम केळी लिहिलंय, माझ्याकडं काटा नाही, किती वाट्या घेऊ? तिला फोनवर तुकड्या-तुकड्यानं जे सांगते तेच इथं सगळं एका जागी लिहिते, जे नव्यानं स्वयंपाकाला लागलेत त्यांना कामाला येईल.

आधी एक गोष्ट पक्की करा. वजन वेगळं आणि माप वेगळं. आपल्या जुन्या माणसांना हे सांगावं लागत नव्हतं, कारण पायली आणि शेरानं धान्य मोजणाऱ्या घरात सगळ्यांना माहीत असायचं की पायलीभर ज्वारी आणि पायलीभर करडी काट्यावर सारखी भरत नाही, करडी हलकी भरते, आणि मुरमुऱ्याचं तर विचारूच नका. (किलो-ग्रॅमचा कायदा झाला १९५६ ला, आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला तोही त्याच वर्षी, पण खेड्यातली पायली काही लगेच सुटली नाही, आमच्या आजीकडं तर शेवटपर्यंत होती.) फळाचं तसंच आहे, फक्त फळात अजून दोन भानगडी आहेत. एक म्हणजे साल, कोय, बिया, जे तुम्ही पैसे देऊन घेता पण भांड्यात पडत नाही. आणि दुसरी म्हणजे फोडींच्या मधली हवा.

ही हवा किती असते ते बघायचं असेल तर हा प्रयोग घरी कराच, पाच मिनिटांचं काम आहे. मी आंब्याच्या बोटाच्या पेराएवढ्या फोडी करून १५० मिलीच्या वाटीत काठोकाठ भरल्या, वरून भरलेलीच दिसत होती, आणि मग मोजमापाच्या छोट्या चमच्यानं त्यात पाणी घालत गेले. एक, दोन, तीन, चार, पाणी आत जातंच आहे. दहा चमचे मावले तेव्हा कुठं पाणी काठाला आलं. छोटा चमचा ५ मिलीचा, म्हणजे ५० मिली, म्हणजे वाटीचा तिसरा हिस्सा नुसती हवा होती. अख्ख्या द्राक्षांवर केलं तर बारा चमचे गेले, कारण गोल वस्तू एकमेकीला चिकटून बसत नाही. आणि तोच आंबा मिक्सरमधून काढला की हवा संपली. म्हणून कुणी विचारलं की २५० ग्रॅम आंबा म्हणजे किती कप, तर त्याला उलट विचारायचं, फोडी का रस? फोडी असतील तर दीड कप, रस असेल तर एक कप.

आता कामाला लागू.

सगळ्यात पहिले तुमची वाटी किती मिलीची आहे ते शोधा. रेसिपीतला कप बहुतेक वेळा २४० मिलीचा असतो, काही ठिकाणी २५० मिलीचा, आणि आपल्या घरातली आमटीची वाटी कुठली १२० ची, कुठली १५० ची, कुठली १८० ची, लग्नात आहेर आलेल्या सहा वाट्या सारख्या दिसतात म्हणून सातवी जुनी वाटी पण तेवढीच असेल असं धरू नका. काटा असेल तर रिकामी वाटी त्यावर ठेवा, शून्य करायचं बटण दाबा, काठोकाठ पाणी भरा. जेवढे ग्रॅम तेवढे मिली, पाण्याचं हे सोपं आहे. काटा नसेल तर औषधाच्या बाटलीबरोबर आलेली मिलीच्या खुणांची टोपी घ्या आणि टोपी-टोपीनं पाणी ओतून मोजा, कंटाळवाणं आहे पण आयुष्यात एकदाच करायचंय. आकडा आला की वाटीच्या बुडाला मार्करनं लिहून टाका आणि मापाची वाटी म्हणून तीच एक ठरवून ठेवा, घरच्यांना सांगा की ही वाटी जेवायला घ्यायची नाही.

काट्याचं एक सांगते, बऱ्याच डिजिटल काट्यांवर मिलीचं बटण असतं आणि नवीन माणूस फसतो. त्या काट्याला तुम्ही काय ओतलंय ते कळत नाही, तो वजनच करतो आणि ते पाणी आहे असं समजून मिली दाखवतो. दुसऱ्या कशाचं माप त्या बटणावर घेतलं तर आकडा चुकणार. ते बटण विसरा, काटा ग्रॅमवरच ठेवा.

दुसरं काम, रेसिपीतलं वजन कशाचं आहे ते ओळखा. बाजारातून आणायच्या फळाचं का सोलून निघालेल्या गराचं? सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. 'केळीचा गर ३०० ग्रॅम' असं लिहिलं असेल तर सालीशिवाय ३०० ग्रॅम पाहिजे, म्हणजे सालीसकट जवळजवळ ४५० ग्रॅम केळी आणावी लागतील. नुसतं '३०० ग्रॅम केळी' असेल तर खाली कृतीत काय म्हटलंय ते वाचा, आणि केक किंवा ब्रेडची रेसिपी असेल तर मी तरी सोललेलं वजनच धरते. शब्दांचा क्रम पण बघायचा. 'एक कप कुस्करलेली केळी' म्हणजे आधी कुस्करा मग कप भरा, २२५ ग्रॅम. 'एक कप केळ्याचे काप, कुस्करून' म्हणजे आधी काप करून कप भरा आणि मग कुस्करा, १५० ग्रॅम. शब्द इकडचे तिकडं झाले की ७५ ग्रॅमचा फरक, म्हणजे पाऊण केळ, आणि केकमध्ये तेवढ्यानं मधला भाग ओला राहतो.

तिसरं म्हणजे आकडे. खाली जे देते ते २४० मिलीच्या कपाचे आहेत, आणि सोललेल्या, बिया काढलेल्या फळाचे.

केळी काप करून १५० ग्रॅम, कुस्करून २२५. आंब्याच्या फोडी १६५, रस २५०. पपईच्या फोडी १४५, कुस्करलेली पपई २३०. सफरचंदाच्या बारीक फोडी १२५. पेरू, अननस यांच्या फोडी १६५ च्या आसपास. कलिंगडाच्या फोडी १५०. अख्खी द्राक्षं १५०. डाळिंबाचे दाणे १७५, दाणे बारीक असतात ना, म्हणून हवा कमी राहते. सीताफळाचा बिया काढलेला गर २५०. मोसंबी-संत्र्याचा रस २५० ला थोडा कमी. बेदाणे सैल भरले तर १४५ आणि दाबून भरले तर १६५. खजुराचे तुकडे १४५ ते १५०. ओलं खोबरं खवून, सैल, ८०. स्ट्रॉबेरीवर तर सगळा प्रकार एकाच फळात दिसतो, अख्खी १४४, चकत्या करून १६६, मिक्सरमधून काढून २३२. एवढे सगळे पाठ करायची गरज नाही, तीन आकडे लक्षात ठेवले तरी बरंच काम भागतं, फोडी असल्या की दीडशे-एकशेसाठ, कुस्करलेलं असलं की सव्वादोनशे, आणि पातळ रस किंवा घट्ट गर असला की अडीचशे.

आता गणित. ग्रॅमला या आकड्यानं भागा, कप निघाले. भाचीचं उदाहरण घ्या, कुस्करलेली केळी ३०० ग्रॅम, भागिले २२५, म्हणजे १.३३, म्हणजे एक कप आणि वर एक तृतीयांश. ती म्हणाली माझ्याकडं कप नाही, वाटी आहे १५० मिलीची. मग आधी वाटीचा आकडा काढायचा, २२५ गुणिले १५० भागिले २४०, आले १४० ग्रॅम. तीनशेला एकशेचाळीसनं भागलं की दोन वाट्या आणि वर साधारण दीड मोठा चमचा. हे एकदाच करायचं आणि लिहून ठेवायचं, दरवेळी मोबाईल काढून भागाकार करत बसायचं नाही. चमच्याचं प्रमाण पण ठेवा जवळ, मोठा चमचा १५ मिली, छोटा ५ मिली, पाव कप म्हणजे चार मोठे चमचे.

उलटं करायचं असेल, म्हणजे रेसिपीत कप दिलेत आणि तुम्हाला बाजारातून किती किलो आणायचं ते काढायचंय, तर साल आणि कोय धरावी लागते, आणि इथं पुस्तकातल्या आकड्यापेक्षा तुमच्या गावचं फळ बघा. आपल्याकडचा केसर मध्यम असला तर किलोत चार-पाच बसतात आणि किलोतून ६०० ग्रॅमच्या आसपास रस निघतो, म्हणजे दोन कप आणि वर थोडा. कोय मोठी असली की कमी. जालन्याची मोसंबी किलोत पाच-सहा, हातमशिनवर रस काढला तर ४०० मिलीच्या पुढं-मागं, पावणेदोन कप धरा. डाळिंब अडीचशे ग्रॅमचं एक घेतलं तर दाणे १३०-१४० ग्रॅम, पाऊण कप. द्राक्षाला वाया जाणं जवळजवळ नाहीच, किलोचे साडेसहा कप. केळी आपण किलोवर कुठं घेतो, डझनानं घेतो, तर अर्धापूरकडची चांगली भरलेली मोठी केळी असली तर कुस्करून दोन केळ्यांचा एक कप होतो, बारकी असली तर तीन लागतात.

सीताफळावर जरा थांबते, कारण नवीन माणूस त्यातच सगळ्यात जास्त चुकतो आणि आपल्याकडं धारूर, अंबाजोगाईच्या बालाघाटच्या डोंगरात ते इतकं पिकतं की सप्टेंबर ते नोव्हेंबर घराघरात टोपली असते. (बीडचं सीताफळ, जालन्याची मोसंबी आणि मराठवाडा केसर, या तिन्हींना २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालंय, मला त्याचा फार आनंद आहे.) किलोत चार-पाच फळं बसतात, दिसायला ढीग दिसतो, पण साल, बिया आणि मधला दांडा काढून स्वच्छ गर उरतो ४०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे किलोचा दीड कप. एक कप गर पाहिजे असेल तर ६०० ग्रॅमच्या पुढं फळ आणा, मध्यम अडीच-तीन फळं.

गर काढताना मिक्सरला बियांसकट लावू नका, सीताफळाची बी फुटून पोटात जाणं चांगलं नाही आणि चव पण जाते. मी असं करते, फळ हातानं उघडायचं, चमच्यानं सालीजवळचा रवाळ भाग पण खरवडून घ्यायचा, तो गोड असतो, सगळं मोठ्या भोकाच्या चाळणीत टाकायचं आणि चमच्याच्या पाठीनं हळूहळू फिरवायचं. खाली गर पडतो, वर काळ्या बिया राहतात, आणि प्रत्येक बीच्या भोवती एक पांढरी पिशवी चिकटलेली असते ती बोटानं सोडवायची, तिथंच बराच गर अडकलेला असतो. आळस केला तर किलोतून तीनशेच ग्रॅम निघतो आणि मग वाटतं की मावशीचा आकडा चुकला. मोजायचं ते चाळून झाल्यावर, बियांसकट वाटी भरली तर निम्मी वाटी बियांचीच होते. आणि रबडीत घालताना रबडी पूर्ण गार झाल्यावरच घाला, हा गर तापवला की कडवट होतो. लिटरभर दूध निम्मं आटवलं तर एक कप गर पुरतो.

काटाच नाही, मग? फळवाल्याचा काटा आहे ना. अर्धा किलो किंवा एक किलो बरोबर तोलून घ्या, वर घालून दिलेलं एखादं फळ वेगळं ठेवा, घरी येऊन तेवढंच सगळं सोला आणि तुमच्या मापाच्या वाटीनं मोजा. किलोचे किती वाट्या झाले ते कळलं की पुढच्या वेळी फक्त भागाकार. माझ्या शेजारच्या काकू वीस वर्षांपासून असंच करतात, त्यांच्या फडताळाच्या दाराला आतून खडूनं लिहिलेलं असतं, पपई किलो, सहा वाट्या, लाल असली तर साडेसहा. त्यांचा जॅम कधी चुकत नाही. जॅमचं सांगायचं तर 'जितका गर तितकी साखर' असं कुणी सांगितलं की लगेच विचारा, वजनानं का वाटीनं? वजनानं म्हणाले तर एक कप गराला सव्वा कप साखर लागते, वाटीनं म्हणाले तर एकच कप. माझ्या वड्यांचं जे झालं ते नेमकं हेच.

भरायची पद्धत पण एक ठेवा. फोडी वाटीत टाकायच्या, वाटी एकदा ओट्यावर हलकी आपटायची, वरचं हातानं सारखं करायचं, बस. दाबायचं नाही. बेदाण्यात बघितलं ना, दाबलं तर २० ग्रॅम वाढतात. फोडी पण रोज एकाच आकाराच्या करत जा, आज चौकोनी बारीक आणि उद्या लांब काप केले तर आकडा बदलणार.

परदेशी रेसिपी वापरत असाल तर पाउंड म्हणजे ४५४ ग्रॅम आणि औंस म्हणजे २८ ग्रॅम धरा. औंसात एक घोळ आहे, तिथं पातळ पदार्थाचा औंस वेगळा असतो, तो मापाचा, ३० मिलीला जरा कमी. 'आठ औंस स्ट्रॉबेरी' म्हणजे वजन, २२७ ग्रॅम, आणि 'आठ औंस रस' म्हणजे बहुतेक वेळा माप, एक कप. ऑस्ट्रेलियाची रेसिपी असेल तर त्यांचा मोठा चमचा २० मिलीचा असतो, आपला १५ चा, लिंबाचा रस घालताना हे लक्षात असू द्या.

आणि कुठं हे काहीच करायचं नाही ते पण सांगते, नाहीतर नवीन माणूस शिकरणाला पण काटा घेऊन बसेल. शिकरण, फ्रूट सॅलड, कोशिंबीर, ज्यूस, यात डोळ्याचा अंदाज आणि जिभेची चव पुरते. सत्यनारायणाच्या शिऱ्यात रवा, साखर, तूप सगळं सव्वा वाटी एकाच वाटीनं घेतो, वाटी कुठली का असेना प्रमाण बिघडत नाही, केळं त्यात अर्धं कमी-जास्त झालं तरी शिरा चांगलाच होतो. सगळं माप एकाच भांड्यानं असेल तर ग्रॅम विसरा. घोळ होतो तो निम्मं काट्यावर आणि निम्मं वाटीनं घेतलं की. केक, जॅम, वड्या, पाकातला मुरांबा, विकण्यासाठीची कुठलीही गोष्ट, यात मात्र मापून आणि तोलून घ्या, शक्यतो तोलूनच, कारण वाटी कशी भरली यानं वजन बदलतं आणि काट्याला त्याचा फरक पडत नाही.

शेवटी साठवणीचं. हंगामात सीताफळाचा गर किंवा आमरस फ्रीझरला टाकणार असाल तर २५० ग्रॅमची एक-एक पिशवी करा, पिशवी आडवी ठेवून हातानं पातळ पसरा, म्हणजे हवा निघते आणि गोठायला पण वेळ लागत नाही. पिशवीवर फळाचं नाव, तारीख आणि '१ कप' असं लिहा, गोठायच्या आधीच, नंतर ओल्या पिशवीवर मार्कर उठत नाही. फोडी गोठवणार असाल तर मात्र मोजून मगच गोठवा, कारण वितळल्या की त्या पाणी सोडून बसतात आणि आधीच्या एक कप फोडी नंतर पाऊण कपच दिसतात. सुटलेलं पाणी फेकू नका, ते त्याच फळाच्या वजनातलं आहे, केकच्या मिश्रणात सगळं जाऊ द्या आणि दूध तेवढं कमी घाला.